मेंढीचे दूध आणि गरम पाणी



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून दुधातल्या जंतूंविषयी बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका वाचून एका मित्राने आम्हांला विचारलेच, "काय हो, बोनस संपला की काय?" बोनस संपलेला नाही, आणि तो मिळेपर्यंत आम्हीही संपणार नाही. पण आमचा या विषयाशी संबंध आला तो एका मागणीपत्रामुळेच. म्हणून प्रारंभी ती हकीकत सांगतो. पुढचे शास्त्र मग समजायला सोपे जाईल.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका दूध शीतकरण केंद्रावरील कामगार आमच्याकडे आले. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. कॅन धुणारे ते नऊ-दहा लोक. त्यांची तक्रार अशी की, उन्हाळा लागल्यापासून दूध नासू लागले आणि त्याचा दंड त्यांच्या पगारातून कापला जाऊ लागला. "तुम्ही कॅन नीट धूत नाही," असे वरचे लोक म्हणत. आम्ही नेहमीच्या सवयीने विचारले, "तुम्ही खरोखर नीट धुता का?" त्यातला एक वयस्कर कामगार म्हणाला, "साहेब, हात झिजले धुऊन. पण इंधन वाचवायचं म्हणून गरम पाणी बंद केलंय. गार पाण्यानं तेलकटपणा जातो व्हय?"

आम्ही शाळा आठवीत सोडलेली. जंतू म्हणजे काय, ते दुधात कसे वाढतात, यातले आम्हांला ओ की ठो ठाऊक नव्हते. पण दंडाचे प्रकरण लढवायचे तर विषय समजून घेणे भाग होते. पशुवैद्यकाच्या जुन्या क्रमिक पुस्तकांपासून सुरुवात केली. ग्रंथालयातून मिळेल ते वाचले. केंद्रावरच्या प्रयोगशाळेतील एका सज्जन मदतनिसाने रात्रपाळीत बसून आम्हांला मेथिलीन ब्ल्यूची कसोटी समजावून दिली. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळे रंगद्रव्य घालायचे, नळी सदतीस अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवायची आणि निळा रंग किती वेळाने उडतो ते पाहायचे. जंतू दुधातला प्राणवायू खातात आणि तो संपत आला की रंग जातो. पाच तास रंग टिकला तर दूध फार चांगले. अर्ध्या तासात उडाला तर ते वाईट. आम्ही एवढेच केले: एक कॅन गार पाण्याने धुतला, एक उकळत्या पाण्याने, दोहोंत एकाच गावचे दूध भरले आणि चार लोकांसमक्ष कसोटी लावली. गार पाण्याच्या कॅनमधील दुधाचा रंग दुसऱ्याच्या कितीतरी आधी उडाला. दंड मागे घेतला गेला. आणि त्या वर्षीच्या आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या वर, पहिल्या क्रमांकाला, दोन शब्द होते: गरम पाणी.

त्या दिवसापासून दूध हा आमच्या अभ्यासाचा विषय झाला. आज त्यातील एका दुर्लक्षित भागाविषयी, म्हणजे मेंढीच्या दुधाविषयी आणि ते काढणाऱ्या माणसांविषयी, आपणांशी बोलावयाचे आहे.

प्रथम मेंढीकडे वळू. पावसाळा सरला की आपल्या शहराच्या भोवती, वाळूजच्या, बिडकीनच्या, पैठणच्या रस्त्याला, धनगरांचे वाडे उतरलेले आपण पाहतो. घोडी, कुत्री, कोंबड्या, जाळीत ठेवलेली कोकरे, आणि काळ्या-करड्या मेंढ्यांचा कळप. ही आपली दख्खनी मेंढी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण या पठारावर ती शतकानुशतके चालत आलेली आहे. तिची लोकर राठ, घोंगडीच्या कामाची. आणि आज मुख्यतः तिला मांसासाठी पाळतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितो. लेंड्यांचे आणि मुताचे खत रानाला मिळते, आणि धनगराला धान्य वा रोख रक्कम. अशी ही जुनी देवघेव आहे. याच जातीच्या सुधारणेसाठी १९७८ साली राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ निघाले. पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले, आणि आपल्या शहराला लागून पडेगाव येथे त्याचे प्रक्षेत्र आहे.

दख्खनी मेंढी दुधाळ नव्हे. तिचे दूध आधी कोकराचे. उरले तर माणसाचे. तरीही वाड्यावर ते काढले जाते. चहात पडते, भाकरीबरोबर खाल्ले जाते, लहान मुलाला दिले जाते. थोडे असले तरी ते फार सकस असते. जगभरच्या मोजणीत मेंढीच्या दुधात सरासरीने सहा ते सात टक्के स्निग्धांश आणि पाच ते सहा टक्के प्रथिने आढळतात. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार आणि प्रथिने सव्वातीनच्या आसपास. म्हणजे ज्याच्या घरी डाळ महाग आणि मांस सणासुदीला, त्याच्या पोरांना हे दूध मोठाच आधार आहे. म्हणून मेंढीचे दूध पिऊ नका, असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ते निर्धास्तपणे कसे प्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता जंतूंकडे येऊ. निरोगी जनावराच्या कासेत दूध तयार होते तेव्हा त्यात जंतू जवळजवळ नसतात. ते येतात दोन वाटांनी. एक बाहेरची वाट, दुसरी आतली. या दोन वाटा वेगळ्या ओळखणे, हे या विषयातले निम्मे शहाणपण आहे.

बाहेरच्या वाटेने येतात ते सडावरून, कासेच्या केसांवरून, दूध काढणाऱ्याच्या हातावरून, कासंडीच्या बुडातून, माशीच्या पायावरून, धुळीतून. एक ग्रॅम लेंडीत कोट्यवधी जंतू असतात. मेंढीची कास मागच्या दोन पायांत, लोकरीच्या गराड्यात. आणि बहुधा मागून हात घालून तिचे दूध काढतात. तेव्हा लेंडीचा कण कासंडीत पडणे ही अगदी रोजची गोष्ट. आपण फडक्याने दूध गाळतो आणि आता स्वच्छ झाले असे समजतो. फडके केस अडविते, कचरा अडविते. जंतू अडवीत नाही. कचऱ्याला चिकटलेले जंतू तोवर दुधात उतरून गेलेले असतात.

हे जंतू किती झपाट्याने वाढतात त्याचा हिशेब आपण शाळेतल्या मुलासारखा करून पाहू. अनुकूल उष्णतेत कित्येक जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दूध मेंढीच्या अंगातून एकोणचाळीस अंशांच्या आसपास ऊन निघते, आणि आपल्याकडचा वैशाख ते ऊन तसेच राखतो. ताज्या दुधात काही वेळ ही वाढ मंद असते, कारण दुधाच्या अंगीही थोडी प्रतिकारशक्ती असते. पण एकदा वेग आला की पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट. एका जंतूचे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट होतात. हजारांपासून सुरुवात झाली असेल तर सव्वातीन कोटी! सावकाराच्या चक्रवाढ व्याजालाही लाज वाटावी असे हे गणित आहे. याला रोखण्याचे दोनच उपाय आहेत. एक थंडी, जी या व्याजाला थांबविते; दुसरी आच, जी मुद्दलच जाळून टाकते. दूध चार अंशांपर्यंत थंड केले तर बहुतेक जंतूंची वाढ अगदी मंदावते. पण ते मरत नाहीत, आणि लिस्टेरिया नावाचा एक जंतू तर त्या थंडीतही हळूहळू वाढतच राहतो. मारते ती आच.

बाहेरच्या वाटेने येणाऱ्या जंतूंत दूध आंबविणारे पुष्कळ असतात, आणि ते एका अर्थी प्रामाणिक शत्रू होत. दूध फाटते, वास येतो, आपण सावध होतो. पण त्यांच्याबरोबर जुलाब-उलट्या करणारेही येतात. साल्मोनेला आहे, कॅम्पिलोबॅक्टर आहे, कोलाय जंतूंतील काही घातक प्रकार आहेत. त्यांनी दुधाची चव वा रूप बिघडलेच पाहिजे असे नाही.

आतली वाट याहून फसवी. तेथे जनावरच आजारी असते आणि जंतू दुधाबरोबर कासेतूनच बाहेर पडतात. हात कितीही धुवा, भांडे कितीही घासा, या जंतूंना त्याचे काही नाही. यांतला मेंढी-शेळीच्या बाबतीत मुख्य म्हणजे ब्रुसेला मेलिटेन्सिस. जनावरात त्याने होतो तो सांसर्गिक गर्भपात; माणसात होतो तो येणारा-जाणारा, महिनोन्महिने रेंगाळणारा ताप.

या जंतूच्या नावात एक बेट दडलेले आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश फौजेचा तळ होता, आणि तेथील शिपाई एका विचित्र तापाने खिळून पडत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने, मेलेल्या शिपायाच्या पाणथरीतून या रोगाचा जंतू वेगळा काढला. जंतू सापडला, पण तो येतो कोठून हे अठरा वर्षे कळेना. पाणी तपासले, हवा तपासली, डास तपासले. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. दारोदार जाऊन गिऱ्हाइकासमोर त्यांचे दूध काढले जाई. याहून ताजे, याहून शुद्ध ते काय असणार! आणि त्याच दुधातून ताप वाटला जात होता. १९०६ साली फौजेच्या शिध्यातून शेळीचे दूध बंद झाले आणि शिपायांतला ताप झपाट्याने ओसरला.

ही गोष्ट पुस्तकांतून येथेच संपते. आम्हां कामगारांना मात्र पुढचा प्रश्न पडतो: शिपायांचे भागले, पण बेटावरच्या गरिबांचे काय? त्यांना ताप येतच राहिला. शेळीवाल्याला शेळीवाचून पोट नव्हते, गरिबाला दुसरे दूध परवडत नव्हते, आणि हुकूम केवळ छावणीपुरता होता. दूध तापवून विकण्याची सार्वजनिक सोय तेथे झाली ती १९३८ साली. शोध लागल्यापासून सोय होईपर्यंत तेहतीस वर्षे गेली! ज्ञान आणि सोय यांमध्ये केवढे अंतर पडते पाहा, आणि ते अंतर कोणाच्या अंगावरून जाते तेही पाहा.

आता हा ताप माणसात कसा दिसतो ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी तो असू शकेल. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सकाळी माणूस बरा वाटतो. सांधे दुखतात, कंबर धरते, अन्न जात नाही, कामाला हात उचलत नाही. काही दिवस उतार पडतो, पुन्हा तेच. पुरुषाच्या वृषणाला सूज येऊ शकते. गरोदर बाईचा गर्भ जाऊ शकतो. दुखणे कधी मणक्यात, क्वचित हृदयाच्या झडपेत घर करते. हिवताप, विषमज्वर, क्षय, संधिवात या सगळ्यांशी त्याचे सोंग जुळते, म्हणून तो पुष्कळदा ओळखू येत नाही.

पैठणच्या रस्त्याला उतरलेल्या एका वाड्यावरचे चाळिशीचे गृहस्थ आमच्या परिचयाचे झाले होते. त्यांचा थोरला मुलगा वाळूजला कंत्राटी कामावर, त्यामुळे ओळख. त्या गृहस्थांना चार महिने असा ताप येत होता. दोन-तीन ठिकाणी दाखविले. कोणी हिवतापाचे औषध दिले, कोणी विषमज्वराचे. मेंढ्या विकून पैसे भरले. आम्ही वाड्यावर गेलो तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "भाऊ, अंगात कायबी न्हाई राह्यलं बघा यांच्या. कळपाच्या मागं मीच जाते आता." बोलता बोलता तिने सांगितले की, त्या साली दहा-बारा मेंढ्यांनी गाभ टाकला होता. आम्ही विचारले, "वहिनी, गाभ टाकला तेव्हा ओढून कोणी काढलं?" ती म्हणाली, "त्येनीच की. हातानंच काढावं लागतंय." आणि दूध? "पोरांना तापवून. ह्येंला निरसं आवडतंय, ताकद ऱ्हाती म्हनून."

एवढे कळल्यावर आम्ही डॉक्टर नसतानाही त्यांच्या कानावर एक वाक्य घातले: डॉक्टरांना सांगा की आम्ही मेंढ्या पाळतो आणि यंदा मेंढ्यांनी गाभ टाकले. ते वाक्य ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्ताची निराळी तपासणी केली आणि रोग सापडला. सहा आठवडे दोन औषधे एकदम घ्यावी लागली. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर हा ताप उलटतो. ते बरे झाले. पण विकलेल्या मेंढ्या परत आल्या नाहीत. ते वाक्य चार महिने आधी कोणी विचारले असते तर त्या वाचल्या असत्या. म्हणून डॉक्टर मंडळींना आमची विनंती आहे की, लांबलेल्या तापाच्या रोग्याला त्याचा धंदा जरूर विचारावा. आणि रोग्याला विनंती की, न विचारताही तो सांगावा.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. हा रोग केवळ दूध पिण्याने होत नाही. गाभडलेल्या मेंढीची वार, तिचे पाणी, मेलेले कोकरू यांत जंतू खच्चून भरलेले असतात, आणि हाताच्या लहानशा चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही ते शिरतात. म्हणजे गिऱ्हाइकाला धोका आहे तो दुधाचा. मेंढपाळाला, खाटकाला, जनावरांच्या डॉक्टराला आणि त्यांच्या मदतनिसाला धोका आहे तो कामाचाच. क्यू-ज्वर नावाचा दुसरा एक रोगही असाच वारेतून आणि धुळीतून पसरतो. आमच्या भाषेत हे व्यावसायिक रोग आहेत.

आता कच्च्या दुधाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे ऐकू, कारण ते आपल्यापैकीच आहेत. पहिले म्हणणे असे की, निरशा दुधात ताकद असते, तापवून ती जाते. उत्तर असे की, दूध तापविल्याने त्यातले प्रथिन, स्निग्धांश, चुना यांचे पोषणमूल्य कमी होत नाही. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. पण जे क जीवनसत्त्व घटते त्यासाठी दुधावर कोणी अवलंबून नसतो. एक पेरू खावा, भरपाई होते.

दुसरे म्हणणे, आमचे वाडवडील निरसेच दूध पीत आणि शंभर वर्षे जगत. जे जगले ते आपल्याला आठवतात. जी पोरे जुलाबाने गेली आणि जे तरणेताठे "हाडीतापाने" गेले, त्यांची जंत्री कोणी ठेवली नाही. शिवाय आपल्या बहुतेक घरांत दूध आणल्याबरोबर चुलीवर चढविण्याची चाल आहे. आपल्या आज्या पाश्चरचे नाव न ऐकता पाश्चरच्या शिष्या होत्या.

तिसरे म्हणणे सुशिक्षितांचे. फ्रान्समध्ये रोकफोर हे जगप्रसिद्ध चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचेच करतात, मग आम्हीच का भ्यावे? खरे आहे, करतात. पण तेथे कळपांची रक्ततपासणी होते, दुधाची जंतुपरीक्षा होते, आणि चीज महिनोन्महिने मीठ आणि आंबटपणात मुरते. अमेरिकेने १९४९ साली कच्च्या दुधाच्या चीजला किमान साठ दिवस मुरविण्याचा नियम घातला तो याच धोक्यामुळे. ज्यांना त्यांचे चीज हवे त्यांनी त्यांची तपासणीही आणावी. आणि तरीही पूर्ण अभय त्यात नाहीच.

चौथे म्हणणे डेंग्यूच्या साथीत ऐकू येते. शेळीचे कच्चे दूध प्याले की रक्तातल्या प्लेटलेट वाढतात, असे कोणीतरी सांगतो आणि लोक वाटेल तो भाव देऊन ते आणतात. अशा उपायाला विज्ञानाचा भरवशाचा आधार नाही. आधीच खंगलेल्या रोग्याला न तापविलेले दूध पाजणे म्हणजे एका तापावर दुसरा ताप विकत घेणे होय.

आणि दही-ताक? आंबटपणा पुष्कळ जंतूंना आवरतो हे खरे. पण निरशा दुधाचे दही लावले तर ब्रुसेला त्यात काही काळ तग धरू शकतो. दही लावावे ते तापविलेल्या दुधाचे.

तर मग किती तापवावे? डेअरीत दूध त्रेसष्ट अंशांवर तीस मिनिटे किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद ठेवतात आणि लगेच थंड करतात. लुई पाश्चरने १८६० नंतरच्या दशकात मद्य नासू नये म्हणून जी युक्ती काढली, तीच ही. घरी किंवा वाड्यावर मापक नसतो; तेथे उकळी हीच खूण. मात्र फेस वर आला म्हणजे दूध उकळले असे नव्हे. ढवळत राहावे आणि खरी उकळी येऊन एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत. मग झाकावे. तापविलेल्या दुधात पुन्हा निरसे दूध ओतू नये, उष्टा पेला बुडवू नये; नाहीतर सगळा खटाटोप वाया.

पण उकळी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मेंढीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कठीण झाली, की स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू दुधात येतात. दूध ऊन हवेत राहिले तर ते एक विष तयार करतात, आणि ते विष उकळल्यानेही जात नाही. जंतू मरतो, विष राहते. पिणाऱ्याला दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून सुजल्या कासेचे, गुठळ्यांचे, रक्ताळलेले दूध माणसाने पिऊच नये. आणि जनावराला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याचेही नाही.

आता वाड्यावर प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो. सांगताना एक पथ्य पाळतो: जेथे पाणी डोक्यावरून आणावे लागते तेथे पाण्याची उधळपट्टी सांगायची नाही. ज्या शहराने वर्षानुवर्षे आठवड्याने येणारे नळाचे पाणी पाहिले, त्याला हे निराळे समजावायला नको. कासेभोवतीची लोकर कातरून टाकावी. यास पाणी लागत नाही. सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर सोडाव्यात; गुठळी दिसली तर ती मेंढी शेवटी आणि वेगळी पिळावी; यासही पाणी लागत नाही. कास धुतली तर कोरडी पुसलीच पाहिजे, कारण ओल्या कासेवरून निथळणारे थेंब घाण घेऊन कासंडीत पडतात; पाणी कमी असेल तर स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसणे हे अर्धवट धुण्यापेक्षा बरे. दूध काढणाऱ्याने हात मात्र साबणाने धुवावेत. तेवढे पाणी राखून ठेवावे. भांडे स्टीलचे, लहान तोंडाचे पण आत हात जाईल असे असावे. चरे पडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत जंतूंची बिळे असतात. भांडे घासून उकळत्या पाण्याने विसळावे आणि उन्हात पालथे घालावे. आपल्याकडे पाणी कमी, पण ऊन फुकट आहे. आणि वाड्यावर बर्फ नसतो म्हणून दूध निघाल्याबरोबर तीन दगडांच्या चुलीवर ठेवावे.

मेंढीने गाभ टाकला तर तिला कळपापासून अलग बांधावे. वारेला उघड्या हाताने शिवू नये. मोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधाव्यात, आणि गरोदर बाईला त्या कामाला लावू नये. वार आणि मेलेले कोकरू कुत्र्यापुढे टाकण्याची चाल आहे ती मोडावी, कारण कुत्री तो रोग रानोमाळ नेतात. खोल खड्डा करून चुना टाकून पुरावे. आणि एकापेक्षा अधिक मेंढ्या गाभडल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्त तपासून घ्यावे. नवी मेंढी कळपात घेतानाही हीच तपासणी करावी.

इतके सांगून आम्ही घरी गेलो असतो तर हे व्याख्यान कोणत्याही सरकारी पत्रकासारखे झाले असते. पत्रकात नेहमी एक प्रश्न गाळलेला असतो: याचा खर्च कोणी सोसायचा? डेअरीच्या दाराशी दूध मोजले जाते ते स्निग्धांशावर आणि इतर घन पदार्थांवर. लॅक्टोमीटर पाणी पकडतो, जंतू पकडत नाही. ज्याने साबण आणला, पाणी तापविले, सुजल्या कासेचे दूध इमानाने ओतून दिले, त्याला त्याबद्दल दमडी जास्त मिळत नाही. उलट तेवढे दूध कमी भरते. स्वच्छतेला भाव नाही आणि घाणीला दंड मात्र आहे, तोही कॅन धुणाऱ्याला! अशा बाजारात प्रवचनाने दूध सुधारत नाही. मेथिलीन ब्ल्यूची कसोटी स्वस्त आहे. ती गावोगावच्या संकलन केंद्रावर लावून चांगल्या दुधाला लिटरमागे चार पैसे वाढवून द्यावेत, म्हणजे गरम पाणी आपोआप चुलीवर चढेल.

दुसरी गोष्ट लसीची. केंद्र सरकारने २०१९ च्या सप्टेंबरात मथुरेहून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात लाळ्या-खुरकुताची लस मेंढ्या-शेळ्यांनाही धरली. पण सांसर्गिक गर्भपाताची लस योजली ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या माद्यांसाठी. मेंढ्यांसाठी रेव्ह-१ नावाची लस जगात वापरली जाते. ती जिवंत जंतूंची असल्याने जपून आणि जाणत्या हातांनीच द्यावी लागते, हे मान्य. पण कालवडीला जो न्याय, तो मेंढीच्या पाटीला का नसावा, हा प्रश्न विचारण्याचा धनगराला हक्क आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, जनावरे आणि त्यांची कलेवरे हाताळणाऱ्यांना होणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक रोग म्हणून धरले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही व्यावसायिक रोगांची अशी यादी ठेविली आहे. म्हणजे कत्तलखान्यातील किंवा पशुफार्मवरील नोकराला हा ताप आला तर तो मालकाकडे भरपाई मागू शकतो. पण आमच्या पैठण रस्त्यावरच्या त्या गृहस्थांचा मालक कोण? आभाळ! जो स्वतःच्याच मेंढ्यांमागे चालतो, त्याच्या रोगाला कायद्यात नाव आहे, पण दार नाही. ते दार उघडणे, हे संघटनेचे काम आहे. आणि ती संघटना वाड्यावाड्यांतून उभी राहिली पाहिजे. कारखान्याच्या फाटकापाशी थांबून भागणार नाही.

सारांश असा की, जंतूला जात नाही, धर्म नाही, पण वाट मात्र ठरलेली आहे. तो नेहमी जेथे पाणी कमी, वेळ कमी आणि भाव कमी, तेथून आत येतो. घरच्यांनी दूध उकळावे, मेंढपाळाने हात राखावेत, डॉक्टरांनी धंदा विचारावा, डेअरीने स्वच्छतेला भाव द्यावा, सरकारने लस पोहोचवावी. यांपैकी पहिले काम आज रात्री घरी गेल्यावर करता येण्यासारखे आहे. उरलेली चार मागावी लागतील.

त्या केंद्रावरचा तो वयस्कर कामगार आता हयात नाही. गरम पाणी सुरू झाले त्या दिवशी वाफेत उभा राहून तो आम्हांला म्हणाला होता, "साहेब, आता कॅनला हात लावला की कळतंय, धुतलंय म्हणून."